परतलेला सैनिक आणि आपण

महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत, चावडीच्या भिंतीवर किंवा वेशीजवळ, एक लहानशी शिला बसवलेली आढळते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने अशा शिला गावोगावी बसवल्या. शिलेवर दोन आकडे असतात. या गावातून किती माणसे महायुद्धावर गेली, हा पहिला. आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले, हा दुसरा. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ते गाव आज ओळखले जाते. शिला पाहताना आपले मन साहजिकच दुसऱ्या आकड्यापाशी थांबते, आणि ते योग्यच आहे. परंतु पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला असता जी संख्या उरते, तिचे काय? ती माणसे जिवंत परतली. मेसोपोटेमियाच्या वाळवंटातून आणि फ्रान्सच्या चिखलातून परतून ती पुन्हा नांगरामागे उभी राहिली. त्यांचा आकडा शिलेवर नाही. तो वाचणाऱ्याने स्वतः काढायचा असतो.

मेलेल्या सैनिकाविषयी आपले कर्तव्य काय, हे समाजाला बऱ्यापैकी ठाऊक असते. फुले वाहावीत, नाव कोरावे, वर्षातून एकदा मान लववून उभे राहावे. जो परत आला त्याच्याविषयी आपले कर्तव्य काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. कारण तो समोर उभा आहे, त्याला भूक आहे, राग आहे, झोप न येणाऱ्या रात्री आहेत आणि पुढची चाळीस वर्षे जगायची आहेत. त्याच प्रश्नाचा येथे विचार करू.

प्रश्नाचे स्वरूप

आपल्या देशात दरवर्षी सुमारे साठ हजार सैनिक सेवानिवृत्त होतात. ‘निवृत्त’ म्हटले की साठीचा, पिकल्या केसांचा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. जवानाच्या बाबतीत हे चित्र खोटे आहे. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर तो निवृत्तिवेतनास पात्र होतो, आणि सेना तरुण राहावी म्हणून बहुसंख्य जवानांना पस्तिशी-चाळिशीतच गणवेश उतरवावा लागतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, घरावर कर्ज असते. आणि अशा ऐन संसाराच्या वेळी तो ‘पेन्शनीत’ येतो. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेने हे वय आणखी खाली आणले. तिच्या मूळ तरतुदीप्रमाणे चार वर्षांच्या सेवेनंतर चौघांपैकी एकास कायम करावयाचे, आणि उरलेल्या तिघांनी सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन, पेन्शनीविना घरी परतायचे. म्हणजे ज्या वयात इतर मुले शिक्षण संपवून नोकरीच्या शोधात बाहेर पडतात, त्याच वयात हे तरुण ‘माजी’ होणार.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिल्लीत पुनर्वसन महासंचालनालय आहे. प्रत्येक राज्यात सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळला जातो आणि त्या निधीतून माजी सैनिकांच्या कुटुंबांना साहाय्य मिळते. २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत त्यांच्यासाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्यांना काम मिळवून देणारे ‘मेस्को’सारखे महामंडळ आहे. पुण्याजवळ खडकी येथे क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. जखमी सैनिकांना हस्तोद्योग शिकवण्यासाठी १९१७ साली तिचा आरंभ झाला. त्याच खडकीत १९७४ पासून कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे.

आणि सैनिक स्वतःही काही कमी करीत नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे एका कारखान्यात नोकरी करून त्यांनी संसार केला. देशाने त्यांना ‘पद्मश्री’ दिली ती २०१८ साली. पदक आणि ‘पद्मश्री’ यांमध्ये ४६ वर्षांचे अंतर आहे. समाजाची स्मरणशक्ती कशी चालते, याचे हे एक माप आहे.

तेव्हा कार्यालये आहेत, योजना आहेत, माणसांची जिद्दही आहे. मग उरते काय? कार्यालय निवृत्तिवेतन देऊ शकते. घर देऊ शकत नाही. इथे ‘घर’ म्हणजे विटामातीचे नव्हे. जेथे माणसाची गरज भासते आणि जेथे त्याला समजून घेतले जाते, ते घर. ते द्यायचे तर कुटुंबाने, शेजाऱ्याने आणि धर्मग्रामानेच द्यावे लागते.

घरातला पाहुणा

ज्या कुटुंबांतून कोणी पलटणीत गेले आहे, त्यांना पुढील गोष्ट सांगावी लागणार नाही. जवानाला वर्षाकाठी साधारण दोन महिन्यांची वार्षिक रजा मिळते. शिवाय थोडी किरकोळ रजा. वीस वर्षे तो स्वतःच्या घरी पाहुणा म्हणून येतो. तो आला की कोंबडी कापली जाते, मुले भोवती जमतात, पत्नी आपले कष्ट सांगायचे टाळते. कारण दिवस थोडे असतात. या वीस वर्षांत बँक, शाळेची फी, सासऱ्यांचे आजारपण, शेताचा बांध, मुलीची परीक्षा, सगळे तिने एकटीने सांभाळलेले असते. एके दिवशी तो पत्र्याची ट्रंक घेऊन येतो आणि परत जात नाही. पाहुणा राहायला आला! घरात दोन कारभारी झाले. त्याला पहाटे साडेचारला जाग येते, आणि घर सहाला उठते. त्याच्या शब्दावर तीस माणसे एका क्षणात उभी राहत असत; आता स्वतःचा मुलगा ‘थांबा हो पप्पा’ म्हणतो. रजेवर असताना सर्वांना हवाहवासा वाटणारा माणूस वर्षभरात सर्वांना जड होतो, आणि ते त्याला कळते.

बाहेरही तेच. तोफखान्यातील अचूक गणित किंवा रणगाड्याची दुरुस्ती ज्याला येते, त्याला शहरात मिळणारे सर्वांत सोपे काम म्हणजे एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकावरील पहारा. कामात कमीपणा नाही. प्रामाणिक श्रम पवित्र असतात, हे आपण सुतार योसेफाच्या घरी शिकलो आहोत. परंतु ज्याने काल सरहद्द राखली, तो आज मोटारींचे क्रमांक वहीत लिहितो, आणि मोटारीतील कोणी त्याच्याकडे मान वळवून पाहतही नाही. कमी पगारापेक्षा हे न पाहणे त्याला अधिक झोंबते. अशा वेळी कँटीनची स्वस्त बाटली जवळची वाटू लागली, तर नवल नाही. आपण मात्र ‘मिलिटरीवाले पितातच’ एवढा शेरा मारून मोकळे होतो.

आपल्या वसई-उत्तनच्या पट्ट्यात सैनिक तसे थोडे. नगर-नाशिककडील धर्मग्रामांत पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जाणारी कुटुंबे आहेत. परंतु किनाऱ्यावरच्या आपल्या घरांतूनही जहाजावर आणि आखातात गेलेले पुरुष आहेत. वर्षानुवर्षे दूर राहून परतणे म्हणजे काय, याची त्यांना कल्पना आहे. सैनिकाचे परतणे त्याच जातीचे आहे. फरक एवढाच की, त्याच्या ट्रंकेत आणखी एक ओझे असू शकते, जे तो कोणाला दाखवत नाही.

करार आणि ऋण

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक आहे. सैनिकी पेशा त्याने स्वखुशीने पत्करला. त्याबद्दल पगार घेतला, आता पेन्शन घेतो. शिक्षक, परिचारिका, सफाई कामगार हेही समाजाची सेवा करतात. मग सैनिकाचेच वेगळे कौतुक का?

कौतुक वेगळे करावे, असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की, येथे करार पुरा पडत नाही. करारात जे मोजता येते तेच लिहिता येते : वर्षे, रुपये, रजा. सैनिक जे देतो त्यातला मुख्य भाग न मोजता येणारा आहे. तो आपला जीव पणाला लावतो एवढेच नव्हे. प्रसंगी दुसऱ्याचा जीव घेण्याचे कामही तो आपल्या वतीने करतो. मरण्याच्या तयारीविषयी आपण पुष्कळ बोलतो. मारण्याच्या ओझ्याविषयी बोलत नाही. सैनिकाचे त्या समोरच्या माणसाशी वैर नव्हते, बांधाचे भांडण नव्हते. राष्ट्राने, म्हणजे आपण सर्वांनी, त्याला तेथे उभे केले होते.

पोप आठवे बोनिफेस यांनी १२९८ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मविधिसंग्रहाच्या शेवटी काही न्यायसूत्रे दिली आहेत. त्यांतील एकाचा आशय असा की, जो दुसऱ्याकरवी कृत्य करवितो, त्याने ते स्वतःच केल्यासारखे आहे. व्यवहारासाठी घातलेले हे सूत्र आपल्या प्रश्नाला नेमके लागू पडते. युद्ध न्याय्य असेल तर त्याच्या यशाचा वाटा आपण घेतो. मग त्यातील वेदनेचा वाटा एकट्या सैनिकाचा कसा? आणि युद्ध अन्याय्य असेल, तर ते त्याच्या खांद्यावर लादणारे आपण अधिकच उत्तरदायी ठरतो. दोन्ही बाजूंनी निष्कर्ष एकच : सैनिक परतला म्हणजे आपला हिशेब मिटत नाही, तेथून तो सुरू होतो.

याचा अर्थ सैनिकाची स्वतःची जबाबदारी नाहीशी होते, असा नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात सैनिकाला जनतेच्या सुरक्षिततेचा आणि स्वातंत्र्याचा सेवक मानले, आणि हे कर्तव्य नीट बजावणारा शांतीच्या उभारणीस हातभार लावतो, असे सांगितले. त्याच दस्तऐवजाने हेही बजावले की, गुन्हेगारी आज्ञा पाळणाऱ्याला ‘हुकूम होता’ ही सबब पुरत नाही. म्हणजे ख्रिस्तसभा सैनिकाला यंत्र समजत नाही. ती त्याला सदसद्विवेकबुद्धी असलेला माणूस समजते, आणि म्हणूनच त्या बुद्धीला झालेली जखमही तिला खरी वाटली पाहिजे.

प्राचीन ख्रिस्तसभेचे शहाणपण

ही जखम आजच्या मानसशास्त्राने प्रथम शोधली, असा एक समज आहे. व्हिएतनाम युद्धानंतर अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी अशा आघाताला १९८० साली आपल्या रोगसूचीत स्थान दिले. बॉस्टन येथे त्या युद्धातील सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर जोनाथन शे यांनी १९९४ साली होमरच्या महाकाव्याशी त्यांच्या कहाण्या ताडून पाहणारा ग्रंथ लिहिला आणि भीतीच्या जखमेहून निराळी अशी नैतिक जखम असते, हे ठासून मांडले. जे योग्य आहे त्याचाच घात झाला, आणि तोही अधिकारपदावरील माणसाकडून, ही जाणीव माणसाला आतून पोखरते. पुढील अभ्यासकांनी त्यात स्वतःच्या हातून घडलेल्या किंवा डोळ्यांदेखत घडूनही रोखता न आलेल्या कृत्यांची टोचणीही धरली.

परंतु या जखमेची खूण फार जुनी आहे. जुन्या करारातील गणना या पुस्तकात युद्धावरून आलेल्यांना सात दिवस छावणीबाहेर राहून शुद्ध होण्याची आज्ञा आहे. दावीद राजाला मंदिर बांधण्याची अनुमती मिळाली नाही; त्याच्या हातून फार रक्त सांडले होते, म्हणून ते काम शलमोनाकडे गेले. दावीद देवाचा लाडका होता, त्याची युद्धे इस्राएलच्या रक्षणाची होती, तरीही!

चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप संत बेसिल यांनी एका पत्रात या विषयाला हात घातला. आपल्या पूर्वजांनी युद्धातील वधाला खून मानले नाही, हे ते मान्य करतात; तरीपण ज्यांचे हात माखले आहेत त्यांनी तीन वर्षे कम्युनियनपासून दूर राहणे बरे, असा सल्ला देतात. १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्याच बिशपांनी विजयी सैनिकांना प्रायश्चित्त सांगितले, आणि पोपच्या प्रतिनिधीने त्याला मान्यता दिली. ज्याने माणूस मारला त्याला प्रत्येकी एक वर्ष. ज्याने घायाळ केले पण पुढे काय झाले ते ठाऊक नाही, त्याला प्रत्येकी चाळीस दिवस. आणि आपल्या बाणांनी किती मेले हे ज्यांना कळणेच शक्य नाही, त्या तिरंदाजांना तीन उपवासकाळ.

आजच्या कानांना हे कठोर वाटेल. जिंकून आलेल्याला हार घालायचे सोडून प्रायश्चित्त? परंतु जरा थांबून पाहू. त्या सैनिकाला ख्रिस्तसभा काय सांगत होती? ‘तुझ्यावर जे गुदरले ते आम्ही खरे मानतो. ते क्षुल्लक नाही. त्यातून बाहेर पडायला वेळ लागेल, आणि त्या वेळेला शेवट आहे.’ प्रायश्चित्ताला मुदत असते, हे त्यातील मोठे औदार्य आहे. तीन वर्षांनी दार उघडणार, हे ठरलेले होते. आपण मात्र सैनिकाला पहिल्याच दिवशी वीर म्हणून मखरात बसवतो, आणि ज्याला कोणी दोषीच मानत नाही, त्याला क्षमा तरी कोण आणि कशी देणार? रात्री दोन वाजता जागा असलेला तो माणूस मग एकटाच न्यायाधीश आणि एकटाच आरोपी होऊन बसतो.

आपल्या भूमीलाही हे शहाणपण परके नाही. महाभारतात युद्धाची पर्वे संपल्यावर विजयाचे पर्व येत नाही. आधी स्त्रियांचा विलाप येतो आणि मग शांतिपर्व येते, जे सर्वांत दीर्घ आहे. जिंकलेल्या युधिष्ठिराला राज्य नकोसे होते. त्याला वनात जायचे असते. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी त्याला जे सांगितले, त्याने पर्वच्या पर्व भरले आहे. विजयी माणसाचीही समजूत काढावी लागते आणि तिला वेळ लागतो, हे त्या कवीला ठाऊक होते.

तीन माजी सैनिक

आपल्या वेदींवर जे संत पूजिले जातात, त्यांत माजी सैनिक किती आहेत हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. त्यांना आपण संत म्हणून ओळखतो. परतलेले सैनिक म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहतो.

संत इग्नेशियस लोयोला यांचा पाय २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने मोडला. पुढची कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली असते : अंथरुणावर वाचलेले ख्रिस्तचरित्र, माँटसेराटच्या मरियामातेपुढे ठेवून दिलेली तलवार. मनरेसा येथील महिने मात्र आपण भराभर ओलांडतो. तेथे इग्नेशियस यांना जुन्या पापांच्या टोचणीने असे घेरले की, आत्महत्येचा विचार मनात येई. हे त्यांनी आपल्या आत्मकथनात स्वतः सांगितले आहे. तेथील डॉमिनिकन मठाने त्यांना खोली दिली, गावातील स्त्रियांनी आजारपणात शुश्रूषा केली. एका गावाने एका लंगड्या, विचित्र वाटणाऱ्या परक्याला वर्षभर सांभाळले. त्यानंतर तेहतिसाव्या वर्षी हा सरदार-पुत्र बार्सिलोनात पोरांच्या बरोबरीने लॅटिनचे व्याकरण शिकायला बसला. फ्रान्सिस झेवियर ज्या संघातून आपल्या किनाऱ्यावर आले, त्या येशूसंघाचा पाया त्या मनरेसाच्या शेजारधर्मावरही उभा आहे.

संत जॉन ऑफ गॉड हे पोर्तुगीज. तरुणपण सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्यात गेले. नंतर ग्रनाडात ते पुस्तके विकू लागले. एका प्रवचनाने त्यांच्या अंतःकरणाला असा धक्का दिला की, ते रस्त्यावर आक्रोश करीत फिरू लागले. लोकांनी त्यांना वेडा ठरवून इस्पितळात कोंडले, आणि त्या काळच्या उपचाराप्रमाणे चाबकाने फोडले. ते प्रवचन देणारे संत जॉन ऑफ अविला यांनी त्यांना हाताशी धरले आणि सांगितले की, ही सारी तळमळ दुःखितांच्या सेवेला लाव. त्यातून ग्रनाडाचे रुग्णालय उभे राहिले. एकाच माणसासाठी समाजापुढे दोन मार्ग होते : चाबूक किंवा काम. काम दिल्यावर काय घडले, ते जगाने पाहिले.

तिसरे संत कमिलस डी लेलीस. व्हेनिसच्या सैन्यातून ते परतले ते पायाची न भरणारी जखम आणि जुगाराचे व्यसन घेऊन. अंगावरच्या वस्त्रांपर्यंत सर्व हरले. १५७५ मध्ये मनफ्रेदोनिया येथे कॅपुचिन साधूंच्या बांधकामावर त्यांना मजुरी मिळाली आणि तेथेच त्यांचे हृदयपरिवर्तन झाले. पायाच्या जखमेमुळे मठात प्रवेश मात्र टिकला नाही. तीच जखम घेऊन ते रोमच्या इस्पितळात आले आणि पुढे रुग्णसेवकांच्या संघाचे संस्थापक झाले. आज ते रुग्णांचे आणि परिचारिकांचे आश्रयदाते आहेत.

या तिघांचे चरित्र सांगण्याचा हेतू प्रत्येक माजी सैनिकाने संत व्हावे, हा नाही. हेतू असा की, प्रत्येकाच्या वाटेवर कोणीतरी दार उघडे ठेवले होते. कोणी खोली दिली, कोणी सल्ला दिला, कोणी विटा वाहण्याचे काम दिले. कृपा देवाचीच, परंतु ती आली माणसांच्या हातून.

शांतीच्या उपासकांचा संकोच

दुसरा एक आक्षेप खास ख्रिस्ती आहे. प्रभूने गेथशेमनी बागेत पेत्राला तलवार म्यान करायला सांगितले. तेथेच ख्रिस्ताने प्रत्येक सैनिकाचा कमरपट्टा सोडवला, असे तिसऱ्या शतकारंभी तेर्तुलियनने लिहिले. मग आपण सैनिकाला जवळ केले, तर युद्धाला आशीर्वाद दिल्यासारखे होणार नाही काय?

शुभवर्तमान याचे उत्तर आचरणातून देते. यार्देनेच्या तीरी सैनिक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले आणि ‘आम्ही काय करावे?’ म्हणून विचारू लागले. त्याने त्यांना हाकलले नाही; लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या वेतनात समाधान माना, असा त्यांच्या पेशातला मार्ग सांगितला. कफर्णहूमच्या शताधिपतीचे बोलणे ऐकून प्रभूने त्याच्या विश्वासाची थोरवी सर्वांदेखत गायली. पेत्राने ज्या पहिल्या परराष्ट्रीय घराला बाप्तिस्मा दिला, तो कर्नेल्यही सैनिकच. आणि आपण प्रत्येक मिस्सात कम्युनियनपूर्वी ‘मी पात्र नाही’ अशी जी नम्र कबुली देतो, ती त्याच कफर्णहूमच्या शताधिपतीच्या तोंडची आहे. एका सैनिकाने आपल्याला वेदीकडे कसे जावे, ते शिकवले. त्याच्या पेशाच्या माणसाला मंदिराच्या शेवटच्या बाकावर एकटे बसू देणे आपल्याला शोभते काय?

युद्धाचा गौरव आणि माणसाचे स्वागत या दोन भिन्न गोष्टी आहेत. किंबहुना जो शांतीवर खरे प्रेम करतो, त्यानेच युद्धाचे ओझे वाहून आणणाऱ्याला प्रथम टेकायला जागा द्यावी. अन्यथा शांती हा केवळ भाषणाचा विषय राहील. न्याय्य युद्धही शहाण्या माणसाला दुःखच देते, आणि ज्याला ते दुःख होत नाही त्याची माणुसकीच हरवलेली असते, असे संत ऑगस्टीन यांचे मत होते. जो सैनिक परतल्यावर व्यथित होतो, त्याच्यात बिघाड झाला असे मानण्यापूर्वी त्याची माणुसकी शाबूत आहे, हे आपण ओळखावे.

मात्र याच्या उलट टोकालाही जाऊ नये. प्रत्येक माजी सैनिक जखमी मनाचा असतो, असे मानणे हाही अपमानच. बहुतेकजण धडधाकट मनाने परततात. शिस्त, वक्तशीरपणा, जातिधर्मापलीकडची मैत्री आणि संकटात न डगमगण्याची सवय घेऊन येतात. त्यांना दया नको असते, काम हवे असते. आणि कामाहूनही अधिक, आपली कोणाला तरी गरज आहे ही खात्री हवी असते.

धर्मग्रामाने काय करावे?

तात्त्विक चर्चेचा कस कृतीत लागतो. म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

आपल्या धर्मग्रामात माजी सैनिक किती, त्यांच्या विधवा किती, हे प्रथम माहीत असावे. लहान ख्रिस्ती समूहांना ही यादी एका महिन्यात करता येईल. निवृत्तिवेतनाचा कारभार आता ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून चालतो आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशीच्या घरातील एखाद्या हवालदाराला किंवा त्याच्या विधवेला हे मोबाइलवर जमत नाही. युवासंघातील मुलाला ते सहज जमते. अर्ध्या तासाच्या या सेवेने एखाद्या घराची चूल पेटती राहू शकते.

दुसरे, सैनिक परतण्याआधीच त्याच्या घराचा विचार व्हावा. विवाहपूर्व शिबिरे आपण भरवतो; वीस वर्षे दूर राहिलेल्या पतिपत्नींना पुन्हा एकत्र राहायला शिकणे हेही एक प्रकारचे नवे लग्नच आहे. सैनिकांच्या आणि जहाजावरील पुरुषांच्या कुटुंबांसाठी अशी एखादी दुपार ठेवता येईल. तीत त्या पत्नीला आधी बोलू द्यावे. युद्धावर तो गेला होता. गड तिने राखला होता.

तिसरे, त्याला केवळ २६ जानेवारीला झेंड्याजवळ उभे करू नये. पॅरिश कौन्सिलवर, शाळेच्या व्यवस्थापनात, आपत्तीच्या वेळच्या मदतपथकात त्याला जबाबदारी द्यावी. वसईसारख्या पाणी भरणाऱ्या प्रदेशात पुराच्या दिवशी दोर कसा बांधावा आणि माणसे कशी हलवावीत, हे त्याच्याइतके कोणाला येते? चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांसाठी तर शिक्षणाची अर्धवट राहिलेली वाट पुन्हा धरून देणे, हे ज्यांच्या हाती शाळा-महाविद्यालये आहेत अशा आपल्या ख्रिस्तसभेचे विशेष कर्तव्य ठरते.

चौथे आणि सर्वांत अवघड : ऐकणे. ‘किती मारले हो?’ हा प्रश्न मुलांनीही विचारू नये आणि मोठ्यांनी तर मुळीच नव्हे. ‘तुम्ही देशासाठी केले, विसरून जा,’ हे सांत्वनही लवकर करू नये. त्याने बोलणारा गप्प होतो. त्याला स्वतःच्या वेळेने बोलू द्यावे, आणि न बोलण्याचाही हक्क द्यावा. आपल्याकडे प्रायश्चित्त संस्कार आहे. तेथे न्यायाधीशापेक्षा पित्याचा स्वर अधिक असतो, हे धर्मगुरूंनी सैनिकाला मुद्दाम जाणवून द्यावे. आणि झोप, राग, दारू यांवर मन ताबा मिळवू शकत नसेल तर डॉक्टरकडे जाणे ही श्रद्धेतील उणीव नव्हे, हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगावे. संत कमिलस यांनी प्रार्थनाही केली आणि मलमपट्टीही केली.

११ नोव्हेंबर हा संत मार्टिन यांचा सण. सैन्य सोडून आलेला, ॲमिएन्सच्या वेशीवर आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला देणारा हा सैनिक. १९१८ साली त्याच तारखेला पहिल्या महायुद्धाच्या तोफा थंडावल्या. हा योगायोग आपल्या उपयोगाचा आहे. त्या दिवशी मृत सैनिकांसाठी मिस्सा अर्पण करीत असताना जिवंत परतलेल्यांनाही वेदीजवळ बोलवावे, त्यांच्या पत्नींसह. भाषणे नकोत. मिस्सानंतर चहा घेताना त्यांच्या शेजारी बसावे. मार्टिनने झगा कापला तेव्हा उरलेल्या अर्ध्यात त्याला स्वतःलाही थंडी वाजली असणार. वाटून घेणे म्हणजे तेच. दुसऱ्याच्या अंगावरील थंडीचा थोडा भाग आपल्या अंगावर घेणे.

तोफा तारखेबरहुकूम थांबतात. त्यांचा आवाज माणसाच्या आत किती काळ चालू राहतो, हे मात्र तो कोणाच्या घरी परतला यावर पुष्कळसे अवलंबून असते.